चेनचं तेल आणि वकिलाच्या शेजारची जागा

मी सायकलच्या चेनला करडईचं तेल घातलं.

अंधारात बाटली बदलली, असं काही झालं नव्हतं. दिवसाढवळ्या, चष्मा लावून, व्हरांड्यात पाट घेऊन बसून, मोठ्या काळजीनं एकेका कडीवर एकेक थेंब सोडला. आणि मी कोण? उभी हयात कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेला माणूस. कोणती तेलं हवेत वाळतात आणि कोणती वाळत नाहीत, हा धडा मी इतक्या पोरांना घोकवला आहे की आजही धारवाडात एखादा टक्कल पडलेला गृहस्थ स्कूटर थांबवतो आणि नमस्काराऐवजी "सर, जवस, करडई, सूर्यफूल!" म्हणतो. जवसाचं तेल रंगात घालतात, कारण ते वाळून साय धरतं. करडईचंही थोड्या उशिरानं तेच होतं. फळ्यावर मी हे वाक्य रंगीत खडूनं लिहीत असे. तरी घातलं.

याला जबाबदार एक बँक मॅनेजर. निदान तेव्हा तरी मी तसंच धरून चाललो होतो.

आमचा वकील आणि मी कॉलेजात शिकत असल्यापासूनचे. तो कोर्टात गेला, मी वर्गात गेलो. दोघांनीही बोलूनच पोट भरलं. माझ्या निवृत्तीच्या सुमारास डॉक्टरांनी दोघांनाही, वेगवेगळ्या आजारांवर, एकच औषध सांगितलं: सायकल. तेव्हापासून उजाडलं की निघायचं, केलगेरीच्या तलावापर्यंत जायचं, बांधाजवळच्या गाडीवर चहा प्यायचा आणि परत यायचं. त्या रस्त्याला आमच्यापुरतीच रुंदी आहे. दोन सायकली शेजारी शेजारी आणि कडेनं एखादी म्हैस. वकिलाचा डावा कान मंद, म्हणून मी नेहमी त्याच्या उजवीकडं. ती जागा कुणी मला लिहून दिली नव्हती. पण ती माझी होती. तिथून मी बोलत असे, तो "हं" म्हणत असे. मध्येच तो बोलत असे, तेव्हा मी पुढं काय बोलायचं याची जुळवाजुळव करत असे. अशी आमची मैत्री.

मग आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या घरात हा मॅनेजर राहायला आला. तोही निवृत्त. आमच्यापैकीच, घरात मराठी, दारात कानडी. नोकरीत गावोगाव फिरलेला, त्यामुळं सांगायला पुष्कळ. उंच, पोट नाही, आणि हसताना समोरच्याला आपण विनोदी आहोत असं वाटायला लावणारा. एका सकाळी तो कोपऱ्यावर सायकल धरून उभा. "येऊ का तुमच्याबरोबर?"

"या की साहेब!" वकील म्हणाला. मीही म्हणालो. मला काय ठाऊक!

त्याची सायकल आवाज करत नव्हती. म्हणजे अजिबात नाही. पाण्यावरून बदक जावं तशी ती जायची. माझी सायकल मुलानं घेऊन दिलेली, गियरची, चांगली. पण तिची चेन कुरकुरायची. पायडल खाली गेलं की कुईं, वर आलं की करर्र. ती पहिल्यापासूनच तशी होती आणि वकिलानं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. मॅनेजर आल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या सकाळी मात्र वकील वळून, 'अरे'ऐवजी कानडी 'ले' लावून म्हणाला, "ले, जरा मागं राहतोस का? तुझ्या चेनपुढं साहेबांचं काही ऐकू येईना."

मी मागं राहिलो. मॅनेजर पुढं सरकला. उजवीकडं.

दोन पाठींच्या मागून सायकल चालवणं कसं असतं ते ज्याच्यावर आलंय त्यालाच कळेल. पुढं बोलणं चाललेलं असतं, आपल्याला फक्त हातवारे दिसतात. दोन्ही पाठी एकदम हलल्या की समजायचं, हसले. कशाला हसले? आपल्याला तर नाही ना? मी जोरात पायडल मारून जवळ जायचो, तर चेन आधी पोचायची. कुईं! दोघं एकदम वळून बघायचे आणि बोलायचे थांबायचे, जसे काही मी पहारेकरी आणि ते पोरं.

एकदा वारा माझ्या बाजूचा होता, म्हणून ऐकू आलं. वकील त्याला कोर्टातल्या सापाची गोष्ट सांगत होता. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात साप निघतो आणि न्यायाधीश टेबलावर चढतात, ती. ती मी किती वेळा ऐकली असेन! पण त्या सकाळी सापानं फणा काढला. न्यायाधीशांची चप्पल खाली पडली आणि साप चपलेभोवती वेटोळं घालून बसला. मला सांगताना त्या सापाला फणा नव्हता, न्यायाधीशांना चप्पल नव्हती. माझ्यासाठी इतकी वर्षं साधा साप, आणि या नव्या माणसासाठी फणा! घरी आल्यावर मी बायकोला हे सांगितलं. ती भाजी निवडत होती. "मग तुम्हीही काहीतरी नवीन सांगा की त्यांना," म्हणाली. बायकांना या गोष्टी कळत नाहीत, असं मी ठरवून टाकलं आणि मूळ प्रश्नाकडं वळलो. मूळ प्रश्न चेनचा होता. चेन गप्प झाली की माझी जागा मला परत मिळणार होती.

आता सरळ मार्ग असा, की मॅनेजरला विचारायचं, "साहेब, तुम्ही कसलं तेल वापरता?" तो सांगायला एका पायावर तयार झाला असता. पण ज्यानं आपली जागा घेतली त्यालाच तेल विचारायचं? त्यापेक्षा जन्मभर करकरलेलं बरं. मी स्वतः शोध लावायचं ठरवलं. रसायनशास्त्र कशासाठी शिकलो होतो?

एके सकाळी केलगेरीला चहाच्या गाडीपाशी मॅनेजरनं पिशवीतून डबा काढला. ज्वारीची कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि चटणीत खड्डा करून ओतलेलं करडईचं कच्चं तेल. "घ्या की सर. घरातून तिघांच्या अंदाजानं दिलंय." तिघांच्या! म्हणजे त्याच्या स्वयंपाकघरातसुद्धा मी तिसरा ठरलो होतो. भाकरी फार चांगली होती, हेही मला आवडलं नाही. चटणी मी बोटानं शेवटपर्यंत पुसून खाल्ली.

ते दोघं पाण्याकडं तोंड करून कसलासा पक्षी बघत उभे राहिले. सायकली मागं बाभळीला टेकवलेल्या. मी चूळ भरायच्या निमित्तानं तिकडं गेलो, खाली वाकलो, मॅनेजरच्या चेनवरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

करडई!

अगदी स्पष्ट. कोवळा, थोडा कडवट, थोडा खमंग वास. अरे लबाडा, म्हटलं, हे आहे होय तुझं गुपित! ज्या बोटानं मी नुकतीच चटणी पुसली होती तेच बोट चेनला लावलं होतं आणि तेच हुंगलं होतं, हे माझ्या डोक्यात यायला बरेच दिवस जावे लागले. वाळणारं तेल चेनला कोण घालेल, ही शंका मात्र तेव्हाच आली होती. तिला मी दारातूनच परत पाठवली. मत्सर झालेल्या माणसाकडं शंकेला बसायला जागा नसते. तिथं आधीच सगळं ठरलेलं असतं.

"नाकाला काळं काय लागलंय ले?" वकिलानं विचारलं.

"कुठं?"

"नाकाला. शेंड्याला."

मॅनेजरनं रुमाल पुढं केला. रुमाल स्वच्छ, घडी घातलेला. असा रुमाल बाळगणाऱ्या माणसांचा मला तेव्हापासून संशय येतो.

तेल घ्यायला मी मुद्दाम हुबळीला गेलो. धारवाडात मिळतं, पण इथं कुणी बघितलं तर? दाजीबानपेठेत कापडाच्या दुकानांची गर्दी संपते तिथं एक तेलाचं दुकान आहे, लाकडी घाण्याचं. मालकानं विचारलं, "तळायला हवं, का चटणीवर घ्यायला?"

"चटणीवर."

"मग हे न्या सर. तोंडाला चव येते, माणूस जेवताना बोलत नाही."

मला तेच हवं होतं, फक्त चेनच्या बाबतीत.

आणि खरंच चेन बोलेनाशी झाली! दुसऱ्या दिवशी सकाळी मी गल्लीच्या कोपऱ्यावर पोचलो तर वकील दचकला. "अरे, तू कधी आलास?" मी त्याच्या उजवीकडं सायकल लावली. मॅनेजर सभ्य माणूस. तो मागं राहिला. त्या सकाळी मी केलगेरीपर्यंत आणि केलगेरीहून परत असा अखंड बोललो. साठलेलं पुष्कळ होतं. अधूनमधून मान वळवून मागं बघायचो. मॅनेजर झाडं बघत एकटा येत होता. मला इतकं बरं वाटलं की मला माझीच थोडी भीती वाटली.

ते सुख काही दिवस टिकलं. ते उन्हाचे दिवस होते. सायकल मी गच्चीवर जायच्या जिन्याखाली, पत्र्याच्या आडोशाला ठेवतो. दुपारी तिथं पापड वाळतात. तेलानं त्याच्या स्वभावाप्रमाणं काम सुरू केलं. आधी चेन चिकट झाली. मग तिनं केलगेरीच्या रस्त्याची तांबडी धूळ अंगावर घेतली. मग मुंग्या आल्या. एका बाजूनं चढून दुसऱ्या बाजूनं उतरणारी मुंग्यांची शिस्तशीर रांग. मी त्या फुंकून उडवल्या आणि वर आणखी तेल घातलं.

एका सकाळी परतताना, तलावाकडून वर येणाऱ्या चढावर, चेन जागच्या जागी ताठ झाली. साखळी अशी नव्हतीच ती आता, काठी होती. पायडल अर्ध्यावर अडकलं आणि मी एका बाजूला कलंडून, पाय टेकून, कसाबसा उभा राहिलो. त्या दिवशी मी मागं होतो. म्हशींचा कळप आडवा आला होता आणि त्या गडबडीत मॅनेजर पुढं सरकला होता. "अरे!" मी म्हणालो. फार मोठ्यानं नाही. हाक मारायची लाज वाटली. त्यांनी आपणहून वळून बघावं अशी अपेक्षा होती.

त्यांनी बघितलं नाही. वकिलाचा हात हवेत काहीतरी काढत होता, बहुधा फणा. मॅनेजरची पाठ हलत होती. बोलत बोलत दोघं वळणावरून दिसेनासे झाले आणि मी ताठलेल्या चेनकडं बघत उभा राहिलो. इतके दिवस मागं राहण्याचं वाईट वाटायचं. मागंही कुणी नाही, हे त्यांच्या लक्षात न येणं, हे त्याहून कितीतरी वाईट होतं.

सायकल ढकलत मी निम्म्या वाटेवर आलो तेव्हा समोरून मॅनेजर एकटाच परत येताना दिसला. वकिलाकडं पक्षकार यायचा होता, तो घरी गेला होता.

"सर! कोपऱ्यावर आलो तर तुम्ही नाही. पडलात बिडलात काय?"

मला वाटलं होतं वकील येईल. आला हा. मी म्हणालो, "चेन जरा रुसली आहे."

तो माझ्याबरोबर चालत घरापर्यंत आला, स्वतःच्या सायकलवर न बसता. मग व्हरांड्यात बाह्या सरसावून बसला. रॉकेल, जुना टूथब्रश, चिंध्या. घासून घासून दोघांचे हात दुखले तरी चेनवरचा थर हलेना. पिवळट, चकचकीत, नखानंही न निघणारा. माझ्या विद्यार्थ्यांना दाखवावा असा उत्तम नमुना होता.

"सर, हे घातलंय तरी काय?"

"काहीतरी जुनं होतं घरात."

"करडईचं," आतून बायकोचा आवाज आला. "लाकडी घाण्याचं. चटणीला म्हणून आणलं आणि मला एक थेंब दिला नाही."

मॅनेजर चेन हातात धरून बसला. मग हळूच म्हणाला, "सर, त्या दिवशी केलगेरीला... नाकाला लागलं होतं ते..."

मी मुंग्यांकडं बघत राहिलो. त्या क्षणी माझं ते बोट माझ्याच डोळ्यांपुढं उभं राहिलं, आधी चटणीत, मग चेनवर, मग नाकाशी.

तो हसला नाही. "नवी चेन घाला," एवढंच म्हणाला, "आणि तेल कुठं जाताय ते बघून निवडा. धुळीत जायचं असेल तर पातळ, मेणासारखं वाळणारं. धूळ चिकटत नाही, पण पाण्यानं धुऊन जातं. पावसात जायचं असेल तर दाट. ते पाण्याला दाद देत नाही, पण धूळ ओढून घेतं. घातलं की वरचं सगळं पुसून काढायचं. तेल आतल्या पिनांना लागतं, बाहेरून दिसायला नको."

ही गोष्ट त्यानं वकिलाला सांगितली नाही. मी वाट बघितली. रोज सकाळी वाटायचं, आज सांगेल, आज दोघं मिळून हसतील. सांगितलीच नाही. सांगितली असती तर निदान त्याचा राग तरी धरता आला असता. आता तेवढंही सुख गेलं. माणूस वाईट असता तर मत्सर करायला किती सोपं गेलं असतं!

मी नवी चेन बसवली. त्यानंतर पावसाळा आला आणि ओसरायला लागला. वकिलानं टूम काढली, की सायकलनं कलघटगीला जायचं. लांबचा पल्ला. इकडून निघताना धूळ, आणि पुढं रान लागलं की आभाळ कधी फुटेल याचा नेम नाही. म्हणजे तेल निवडण्याच्या दृष्टीनं इतका वाईट रस्ता शोधून सापडला नसता.

"मी धुळीचंच घालणार," मॅनेजर म्हणाला. "आता पाऊस संपलाच म्हणायचा."

मी सायकलच्या दुकानात गेलो. कपाटात बाटल्यांची रांग. पोरांच्या औषधासारखी लाल, हिरवी, निळी. दुकानदारानं विचारलं, "सर, कुठं चालवता?"

'वकिलाच्या उजवीकडं', असं तोंडावर आलं होतं. "कलघटगीला," मी म्हणालो.

"धुळीचं नेता का पाण्याचं?"

इथं माझ्या डोक्यात जे आलं ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. मॅनेजर धुळीचं घालणार. पाऊस पडला तर त्याचं तेल वाहून जाणार. वाहून गेलं की त्याची चेन कुरकुरणार. आणि कुरकुरली की त्याला मागं जावं लागणार, कारण नियम वकिलानंच केला होता. "पाण्याचं," मी म्हणालो. तेल निवडताना लोक आपल्या सायकलचा विचार करतात; मी त्याच्या सायकलचा केला. घरी येऊन दाट तेल घातलं, वरचं पुसून काढलं, उरलेली बाटली पिशवीत टाकली आणि गच्चीवर जाऊन कलघटगीच्या दिशेला ढग शोधायला लागलो.

"काय बघताय?" बायकोनं विचारलं.

"शेतकऱ्यांना अजून एक पाऊस हवा आहे," मी म्हणालो.

आम्ही निघालो तेव्हा आभाळ निळंभोर. पुढं वकील आणि मॅनेजर, मागं मी. माझी चेन आता गप्प होती, पण जागा आधीच भरलेली. काही हरकत नाही, म्हटलं. रान सुरू झालं, साग दिसायला लागला, आणि अहाहा! एक काळा ढग कोपऱ्यातून आला आणि आमच्यावरच रिकामा झाला. आम्ही एका झाडाखाली उभे राहिलो, झाडही गळायला लागलं, शेवटी तसेच भिजत निघालो. मॅनेजरचा सदरा पाठीला चिकटला होता. माझाही, पण मी आतून कोरडा आणि गरम होतो.

पाऊस थांबला. ऊन पडलं. आणि थोड्या वेळानं, पुढून, बारीक आवाज आला.

कुईं.

मी कान दिला. कुईं. कुईं, करर्र. मॅनेजरची सायकल बोलायला लागली होती! माझ्या जुन्या चेनपेक्षाही वाईट, तारस्वरात, प्रत्येक फेऱ्याला. कुठल्याही मैफलीत मला इतका आनंद झाला नसेल. मी पायडल मारून जवळ गेलो आणि वाट बघत राहिलो. आता वकील वळणार. आता म्हणणार, साहेब, जरा मागं राहता का?

वकील मॅनेजरकडं झुकला, उजवा कान पुढं करून. "काय म्हणालात साहेब? जरा मोठ्यानं बोला, ऐकू येईना."

मॅनेजर मोठ्यानं बोलला. वकील खदखदून हसला. कुईं, करर्र, कुईं. पुन्हा झुकला. "मग? मग पुढं?"

असं थेट कलघटगीपर्यंत. माझ्या पिशवीत बाटली होती. काढली नाही. माझी चेन इतकी शांत होती की मला माझा श्वास ऐकू येत होता, आणि त्यात काही ऐकण्यासारखं नव्हतं.

कलघटगीत बाजारातल्या हॉटेलात मिरची-भजी आणि चहा आला. मॅनेजर हात धुवायला गेला तसा मी वकिलाला धरला.

"माझी चेन वाजत होती तेव्हा मला मागं घातलंस. त्याची केव्हाची कोकलतेय. त्याला का नाही रे?"

वकिलानं भजं अर्धं तोडलं. "तू तेच धरून बसलायस होय इतके दिवस?"

"सांग की."

"आता तुला काय सांगायचं ले? तुझी चेन आधी काय वाजत नव्हती? किती वर्षं ऐकली मी." त्यानं भजं तोंडात टाकलं. "साहेबांच्या गोष्टी मी ऐकलेल्या नाहीत. तुझ्या मला पाठ आहेत. कानाला काहीतरी नवीन हवं होतं, म्हणून मी चेनचं निमित्त केलं. वकील आहे मी."

"काय पाठ आहेत? कुठली पाठ आहे?"

"कुठलीही सांग. परीक्षकाची घे. तू स्टेशनवर कॉलेजचा परीक्षक आणायला गेलास आणि भलत्याच माणसाला घरी आणलंस. तो आला होता कुणाची तरी मुलगी बघायला. पोहे खाल्ल्यावर तो म्हणाला, मुलगी कुठाय? तू म्हणालास, मुलगी कशाला, मुलं आहेत, लॅबमध्ये ओळीनं उभी केलीयत. पुढं सांगू?"

"नको," मी म्हणालो. त्यानं ती माझ्यापेक्षा चांगली सांगितली होती, हे आणखी एक.

पिशवीतली बाटली काढून मी टेबलावर ठेवली, आणि मॅनेजर परत आल्यावर त्याच्याकडं सरकवली. "घाला चेनला. पाण्याचं आहे."

त्यानं बाटली उलटसुलट बघितली, मग माझ्याकडं बघितलं, आणि मला वाटतं त्याला सगळं समजलं. बाटली कुठून आली, कशासाठी आली, रानात का निघाली नाही. "ओल्या चेनला आता काय उपयोग, सर?" तो म्हणाला. "घरी जाऊन पुसून घालतो. वाजू दे तोवर." आणि माझ्या बशीतलं उरलेलं भजं उचलून खाल्लं. त्या एका भज्यावर हिशेब मिटवला त्यानं.

परत निघालो. मी आपणहून मागं राहिलो. आता त्याला काही अर्थ उरला नव्हता. गावाबाहेर समोरून लॉरी आली, आम्ही तिघं एकामागं एक झालो, आणि लॉरी गेल्यावर बघतो तर माझ्या शेजारी कुईं करर्र. मॅनेजर.

"सर, हात धुताना अर्धंच ऐकू आलं. ते पाहुणे. मुलं ओळीनं उभी केलीयत म्हणाल्यावर त्यांनी काय केलं?"

"तुम्हाला ठाऊक नाही?"

"मला कोण सांगणार?"

मी मागं बघितलं. वकील मागं राहिला होता, मान किंचित वाकडी करून, उजवा कान आमच्याकडं करून. त्या वळवलेल्या मानेचा मला चांगला परिचय होता. कितीतरी सकाळी मी ती स्वतःच्या खांद्यावर वागवली होती. मी सांगायला लागलो. चेनच्या आवाजावरून पोचावं म्हणून ओरडून सांगावं लागत होतं, त्यामुळं शेतातली माणसंही वर बघत होती. पाहुणे कसे उठले, कोट कसा झाडला, "आमच्याकडं असली रीत नाही" कसं म्हणाले, आणि त्याच वेळी खरा परीक्षक टांग्यातून घामाघूम दारात कसा उतरला. मी त्यात एक छत्रीही घातली, जी आजवर कधीच नव्हती. परीक्षक त्या पाहुण्यावर छत्री उगारतो.

मॅनेजर इतका हसला की त्याची सायकल वेडीवाकडी झाली. एक पाय टेकून, डोळे पुसत तो म्हणाला, "छत्री! अरे देवा, छत्री!"

मागून वकिलाचा आवाज आला, चिडलेला, रस्ताभर ऐकू जाईल असा.

"साहेब, हसू नका हो त्याला! हसलं की तो परत पहिल्यापासून सांगतो!"